अंबुजा मिस आणि जीपचा काटा

आठवीत मी पाण्याचा उत्कलनबिंदू शंभर अंश लिहिला आणि अंबुजा मिसनी मला शून्य मार्क दिले. पुस्तकात शंभरच छापलेलं होतं. मी तेवढं पान उघडून त्यांच्या नाकासमोर धरण्याइतकी आगाऊ होते.

"हे पुस्तकातलं पाणी," मिस म्हणाल्या. "तुझ्या भांड्यातलं कुठं आहे?"

खरं तर मी थर्मामीटरकडे पाहिलंच नव्हतं. मैत्रिणीशी गप्पा मारत शंभर लिहून मोकळी झाले होते. मिसनी मला मधल्या सुट्टीत थांबवलं, पुन्हा बर्नर पेटवायला लावला आणि स्वतः शेजारी स्टुलावर बसून डबा खाल्ला. पाणी खदखदायला लागलं तेव्हा पारा सत्त्याण्णवच्या आसपास थांबला होता. थर्मामीटर बिघडलाय, असं मी लगेच जाहीर केलं.

"त्याच्यावर आळ घेऊ नको. म्हैसूर काय समुद्राकाठी आहे? आपण उंचावर राहतो, पाणी इथं आधीच उकळतं. आधी तपासायचं, मग बोलायचं. समजलं का शशी?"

समजलं होतं. शून्य मात्र तसंच राहिलं. त्या दिवसापासून 'अंदाजे' हा शब्द त्यांच्यासमोर काढायची माझी छाती झाली नाही. शाळा कन्नड माध्यमाची होती. वर्गात मराठी घरांतल्या आम्ही तिघीच, आणि आमची खरडपट्टी तेवढी मिस मराठीत काढत. इतरांना कळू नये ही त्यातली माया, हे कळायला मला वीस वर्षं लागली.

मिस रंगाऱ्यांच्या घरातल्या. वडिलांच्या मागच्या अंगणात रंगाचे हंडे होते आणि दोरीवर कायम ओलं कापड असे. वडील वाळलेलं प्रत्येक ठाण उन्हासमोर धरून पाहत. कुठे तांदळाएवढा पांढरा ठिपका दिसला की अख्खं ठाण पुन्हा हंड्यात. "कुठंही कोरं राहता कामा नये," हे त्यांचं वाक्य. मिस ते अगदी वडिलांच्या घोगऱ्या आवाजात म्हणून दाखवत. घरातला धंदा बंद झाला, भाऊ नोकऱ्यांना लागले, पण वाक्य राहिलं. मिस भिंतीला चुना द्यायला माणूस बोलवत, तेव्हा कपाटामागचीही भिंत रंगवून घेत. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्यानेच घोटाळा केला.

मूर्ती लहान, पाच फुटांच्या आतली. सुती साडी, घड्याळ पुरुषी आणि तेही मनगटाच्या आतल्या बाजूला, पायात कॅनव्हासचे बूट. पर्समध्ये टेस्टर, पक्कड आणि ओवा. एकदा डॉक्टरांनी त्यांचं ब्लडप्रेशर जास्त आहे म्हणून सांगितलं, तर मिसनी दुसरा हात पुढे केला. तिथेही जास्त निघालं. मग त्यांनी डॉक्टरांनाच बाही वर करायला लावली आणि त्यांचं मोजून घेतलं. ते ठीक निघालं तेव्हा म्हणाल्या, "सरि, ठीक. मशीन बरोबर आहे. आता गोळी लिहा." हे मला त्या डॉक्टरांनीच सांगितलं. त्यांच्या दवाखान्याच्या शेजारी आमचं औषधाचं दुकान आहे आणि गल्ल्यावर मी बसते. मिसच्या घरापासून चौथं दुकान.

आणि त्यांची ती जीप. यजमानांनी कधीकाळी लिलावातून आणलेली, पेट्रोलवर चालणारी, वयानं माझ्याहून थोडी लहान. यजमान गेले, मुलगा रवी बेंगळुरूला स्थायिक झाला, शाळेतून निवृत्ती झाली. जीप मात्र मिसनी सोडली नाही. दर शनिवारी सकाळी त्या तिच्यात दोन लोखंडी पेट्या चढवायच्या. एकीत भिंगं, लोहचुंबक, तराजू. दुसरीत वायरी, बल्ब, बॅटऱ्या. कडकोळच्या पुढे आतल्या अंगाला एक सरकारी शाळा आहे, जिथे प्रयोगशाळा म्हणजे कुलूपबंद कपाट. तिथे मिस दोन तास मुलांकडून प्रयोग करून घेत. पैसे नाहीत, सत्कार नाही, कुणी सांगितलेलंही नाही. पंचाहत्तरीला आलेली बाई नंजनगूड रस्त्यावर ट्रकांच्या मधून जीप हाकत जायची आणि दुपारी जेवायला घरी यायची.

त्या शनिवारी आल्या नाहीत. कडकोळला कारखान्यांच्या फाटकांसमोर जीप बंद पडली. पेट्रोल संपलं होतं. भर बारा वाजता मागे ट्रकांची रांग, हॉर्न, आणि मिस जीपच्या बॉनेटवर वही ठेवून काहीतरी लिहीत उभ्या. कुणीतरी त्यांचा फोटो काढून घरच्यांना कळवा म्हणून पुढे ढकलला. तो फिरत फिरत संध्याकाळपर्यंत रवीच्या फोनवर पोचला.

दुसऱ्याच दिवशी रवी आला. रवी वाईट मुलगा नाही, हे आधी सांगते. आईवर त्याचा जीव होता, आणि भीती वाटली की माणूस मोठ्यानं बोलतो, तसा तो बोलत होता. मी सायंकाळच्या गोळ्या द्यायला गेले होते, त्यामुळे सगळं माझ्यासमोरच झालं.

"आई, पेट्रोल भरायला विसरलीस तू. मान्य कर ना."

"विसरले नाही. काटा अर्ध्याच्या वर होता. वहीत लिहिलंय, बघ."

वहीत खरंच होतं. दर शनिवारी निघण्यापूर्वी मिस किलोमीटर आणि काट्याची जागा लिहून ठेवत.

"तूच लिहिणार आणि तूच पुरावा म्हणून दाखवणार? टाकी रिकामी होती, आई. रिकामी! ट्रकनं उडवलं असतं म्हणजे?" रवीचा आवाज फाटला. मग तो म्हणाला, "आणि हे एकदाच नाही. मागच्या महिन्यात तू त्याच गोळ्यांची पट्टी आठ दिवसांत दोनदा नेलीस. शशीअक्का म्हणाली मला."

माझ्या हातातली पिशवी जड झाली. हो, मीच म्हणाले होते. रवीनं फोनवर सहज विचारलं, आई कशी आहे, आणि मी सहज सांगून टाकलं की परवा परवाच नेलेली पट्टी पुन्हा न्यायला आल्या, वय झालं की होतंच असं. जिभेला हाड नसतं म्हणतात ते उगाच नाही.

मिसनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, परीक्षेत पाहायच्या तशा.

"दुसरी पट्टी शाळेतल्या स्वयंपाकीणबाईंना. त्यांची आणि माझी गोळी एकच, त्यांची चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती. तू विचारलास का मला?"

मी मान हलवली. नव्हतं विचारलं.

"न तपासता लिहून टाकलास. आठवीत केलंस तेच."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. चाळीस वर्षांनी पुन्हा तेच शून्य, आणि पुन्हा रास्त.

रवीनं हात पुढे केला. "चावी दे आई. जीप विकू. माझ्याकडे चल, हवं तिथे गाडी करून देतो मी."

"आणि शनिवार?"

"शनिवारचं सोड आता."

मिस उठल्या. चावी खिळ्यावर होती, ती काढून त्यांनी स्वतःच्या मुठीत धरली. "आठ दिवस दे मला. चूक कुणाची ते मी शोधते. मी विसरले असं निघालं, तर पुढच्या रविवारी चावी मीच तुझ्या हातावर ठेवीन आणि बॅग भरून गाडीत बसेन. पण काटा खोटा निघाला, तर माझ्या विसरण्याबद्दल या घरात पुन्हा अक्षर काढायचं नाही. कबूल?"

रवी कबूल म्हणाला. आठ दिवसांत काही होणार नाही अशी त्याची खात्री असावी. माझीही तशीच होती, हे आज कबूल करते.

सोमवारी मिस दोन गॅरेजं फिरल्या. मी पापक्षालन म्हणून दुकान नवऱ्यावर टाकून बरोबर गेले. पहिल्या ठिकाणी महादेवप्पानं जीपमध्ये डोकंही घातलं नाही.

"टीचरम्मा, मीटर बदला. हळे गाडी अल्लवा? हागेने." जुनी गाडी ना, असंच असतं, असं त्याचं म्हणणं.

"काय तपासलास तू?"

"तपासायचं काय त्यात? वयस्सायितु."

वय झालं. त्यानं हे जीपबद्दल म्हटलं होतं, पण मिसचे कान लाल झाले. दुसऱ्या गॅरेजवाल्यानं मीटर नको, टाकीतला सेन्सर बदला म्हणून सांगितलं, तोही खुर्चीवरून न उठता. घराशी परत आल्यावर मिसनी इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून म्हणाल्या, "म्हातारी गाडी, म्हातारी बाई. दोघींना एकच औषध, बदलून टाका. वय हा काय बिघाड आहे, शशी? बिघाड म्हणजे अमुक जागी अमुक गोष्ट. ती जागा दाखवा म्हणावं, मग मी ऐकते."

मंगळवारपासून अंगणात त्यांचं काम सुरू झालं. सगळं दिवसाउजेडी आणि उघड्यावर. पेट्रोलची वाफ घरात शिरू नये म्हणून आधी स्वयंपाकघराची खिडकी बंद, शेजारच्यांना विडी ओढायला गल्लीच्या टोकाला पिटाळलेलं. जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. सीट उचलली की टाकीचं तोंड समोर. मिसनी वडिलांची कापड मोजायची लाकडी गजपट्टी काढली. टाकी रिकामी करून, मापाच्या भांड्यानं पाच पाच लिटर पेट्रोल ओतून, दर वेळी पट्टी बुडवून ओल जिथवर चढली तिथे चाकूनं खूण केली. आता काटा काहीही म्हणो, पट्टीला विचारता येत होतं.

पट्टी म्हणाली पाच लिटर. काटा म्हणाला अर्ध्याच्या वर.

"बघितलास?" मिस म्हणाल्या. तेवढ्यानं रवीला फोन करावा असं मी सुचवलं, तर माझ्यावरच डाफरल्या. "काटा खोटं बोलतो एवढंच कळलं. कोण बोलायला लावतंय ते कुठं कळलं? अर्धं उत्तर घेऊन मी मुलासमोर जाऊ?"

मग त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि आठवीच्या वर्गासारखं समजावलं. टाकीत पेट्रोलवर एक पोकळ गोळा तरंगतो. पेट्रोल उतरलं की तो उतरतो आणि त्याच्या दांडीमुळे विजेच्या वाटेतला अडथळा बदलतो. या जीपमध्ये अडथळा वाढला की काटा वर चढतो. म्हणजे संशयित चार. काटा स्वतः, टाकीपर्यंतची वायर, टाकीतला गोळा, आणि वीज परत जाते तो गाडीच्या अंगाशी असलेला जोड. एकेकाला वेगळं उभं करून विचारायचं. चौघांना एकदम झोडपायचं नाही.

बुधवारी टाकीवरची वायर सोडवली. काटा सरळ 'भरली'वर गेला. तीच वायर जीपच्या उघड्या लोखंडाला टेकवली, काटा 'रिकामी'वर आला. मिसनी हे तीनदा केलं, मला चावी फिरवायला आणि काटा वाचायला लावून. काटा निर्दोष सुटला, वायरही सुटली. वहीत दोन नावांवर रेघ मारली गेली. महादेवप्पाचं ऐकलं असतं तर नवा मीटर बसवून पुन्हा कडकोळलाच उभ्या राहिल्या असत्या.

गुरुवारी टाकीतला गोळा दांडीसकट बाहेर काढला. पुसला, वाळवला, अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला लाकडी फळीवर ठेवून लांब वायरींनी जोडला. एक वायर काट्याकडे, दुसरी मिसनी थेट बॅटरीच्या परतीच्या टोकाला नेली. मिस बोटानं दांडी हळूहळू उचलू लागल्या आणि मी काटा पाहून ओरडू लागले, "रिकामी! पाव! अर्धी! पाऊण!" गोळा शहाण्यासारखा वागत होता. तिसऱ्या नावावर रेघ.

शुक्रवारी उरला चौथा. टाकीखालून एक छोटी वायर जीपच्या सांगाड्याला बोल्टनं जोडलेली होती. मिस गोणपाट अंथरून जीपखाली शिरल्या. मला नुसते कॅनव्हासचे बूट दिसत होते. बराच वेळ झाला, आवाज नाही. मी घाबरून हाक मारली.

"शशी," आतून आवाज आला, "बाबांची मुलगी चुकली गं."

बाहेर आल्या तेव्हा हातात तो बोल्ट होता. मागच्या दसऱ्याआधी मिसनी जीपला नवा रंग मारून घेतला होता. रंगवणारा म्हणाला होता, इथला जोड तसाच ठेवतो, त्याच्यावर रंग नको. आणि मिसनी कमरेवर हात ठेवून त्याला सांगितलं होतं, कुठंही कोरं राहता कामा नये. त्या बिचाऱ्यानं बोल्ट काढला, खाली दोन हात रंग मारला आणि रंगावरच जोड बसवून टाकला. सुरुवातीला घट्ट बोल्टनं रंग खरचटून काम चाललं असणार. पुढे पावसाचं पाणी, गंज आणि धक्के. जोड ढिला पडत गेला, अडथळा वाढत गेला आणि काटा फुगवून सांगत गेला. विजेचे धडे तीन पिढ्यांना दिलेल्या बाईनं विजेचीच वाट रंगवून बुजवली होती.

मी म्हटलं, "मिस, बोल्टखालचं रवीला कशाला सांगायचं? काटा खोटा होता एवढं पुरे आहे."

त्यांनी असं पाहिलं की मी पुढचं वाक्य गिळलं.

रविवारी अंगणात रवी, मी, माझा नवरा आणि मुद्दाम बोलावलेला महादेवप्पा. मिसनी जोड अजून दुरुस्त केला नव्हता. आधी काटा दाखवला, मग पट्टी बुडवून दाखवली. काटा पाऊणच्या जवळ, पट्टीवर जेमतेम दहा लिटर. मग त्या पुन्हा जीपखाली शिरल्या. रवी "आई, मी करतो" म्हणाला, त्याला "बेडा!", म्हणजे नको, एवढंच उत्तर मिळालं. खरकागद घासल्याचा आवाज आला. पानाच्या देठाएवढ्या जागेतला रंग निघाला, खालचं लोखंड चमकलं, बोल्ट आवळला गेला.

"रवी, चावी फिरव."

काटा उठला आणि पावाच्या थोडा वर थांबला. रवीनं स्वतः गजपट्टी उचलली, बुडवली, उन्हासमोर धरून ओल पाहिली. दहा लिटर. त्यानं पुन्हा एकदा बुडवली. ते पाहून मिसच्या चेहऱ्यावर जरा समाधान दिसलं.

"आता ऐक," साडीला लागलेली माती न झटकता मिस म्हणाल्या. "चूक माझीच आहे. रंग मी मारायला लावला. हट्टानं लावला. ती माझ्या नावावर लिही. पण ती हट्टाची चूक आहे, विसरण्याची नव्हे. दोन्हींत फरक आहे, आणि तो फरक मी मरेपर्यंत सोडणार नाही."

रवीनं जीपची चावी काढून आईच्या हातावर ठेवली आणि तो हात तसाच धरून उभा राहिला. महादेवप्पा पुढे होऊन जीपखाली डोकावला आणि तो चमकता ठिपका बराच वेळ पाहत राहिला. जाताना मिसच्या पाया पडला. माझ्या नवऱ्यानं उगाच घसा खाकरला.

त्यानंतर सव्वादोन वर्षं मिस शनिवारी जात राहिल्या. काटा बरोबर चालत होता, तरी गजपट्टी जीपमध्येच असायची. रवी दर महिन्याला यायचा आणि आल्याबरोबर, कुणी न सांगता, पट्टी बुडवून वहीत आकडा लिहायचा. मिस गेल्या तेव्हा फार हाल झाले नाहीत. एका सोमवारी दुपारी जेवून खुर्चीत बसल्या होत्या, त्या उठल्या नाहीत. दोन दिवस आधी शाळेत जाऊन आल्या होत्या.

तोच त्यांचा शेवटचा शनिवार आणि तेच माझं त्यांना शेवटचं पाहणं. सकाळी साडेआठला मी दुकानाचं शटर वर करत होते. जीप आली आणि भर रस्त्यात माझ्यासमोर थांबली. मागे सिटी बस, बसमागे दोन रिक्षा, सगळ्यांचे हॉर्न सुरू. मिसनी मान वळवूनही पाहिलं नाही.

"शशी, इकडे ये. काटा बघ. किती आहे?"

मी पायरी उतरून वाकून पाहिलं. काटा पाऊणवर होता, अगदी स्पष्ट. तोंडातून 'पाऊण' निघणारच होतं. ते मी आवरलं.

"काटा पाऊण म्हणतोय," मी म्हटलं. "टाकीत किती आहे ते पट्टी बुडवल्याशिवाय नाही सांगता यायचं."

बसचा ड्रायव्हर खिडकीतून बाहेर लोंबून ओरडत होता. मिसनी आरामात गिअर टाकला.

"आठवीत शून्य दिलं होतं नाही तुला?" त्या म्हणाल्या. "जा. पास केलं."

आणि मागे हॉर्न वाजत असताना, कुणालाही वाट न देता, रस्त्याच्या मधोमध त्या नंजनगूडच्या दिशेनं निघून गेल्या.